मुन्नाच्या खालचं नाव

"मुन्नाच्या खाली मग मी तुझंच नाव लिहिलं," आई म्हणाली आणि परातीतली पुढची शेंग उचलून तिनं ती अंगठ्यानं उकलली.

पद्मजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या अरुंद गच्चीवर पौषातलं ऊन दहाच्या पुढे उतरायचं आणि साडेअकराला समोरच्या तीनमजली घरामागे जायचं. तेवढ्या दीड तासात मायलेकी मटार सोलत बसायच्या, आई बोलायची आणि परातीच्या कडेला उपड्या वाटीवर टेकवलेला मोबाइल ते बोलणं साठवून घ्यायचा. पडद्यावर एक रेघ आईच्या आवाजाबरोबर उड्या मारायची, आई थांबली की आडवी पडायची. आत्ता ती आडवी पडली होती. खालच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक गेली तेव्हा तेवढी थरथरली.

"कशात लिहिलं?" पद्मजानं विचारलं. विचारताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला कळलेलं आहे, आणि तरी आई काहीतरी वेगळं सांगेल म्हणून आपण विचारतो आहोत.

"फारममंदी वो. दोन लेकरं असल्याशिवाय केस घेत नव्हते नं. रमकलीले एकच होता, मुन्ना. खालच्या रकान्यात काही तं लिहा लागते. मागं लाइन लागलेली, डॉक्टर साहेब वरडून राहिले. मले दुसरं नावच सुचलं नाही. पद्मा, उमर तीन साल. लिहून टाकलं."

हा त्यांचा अकरावा रविवार. कल्पना अच्युतच्या मुलीची, स्वानंदीची. भावाची ही मुलगी हैदराबादेत वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलायला गेली की तिसऱ्या शब्दाला अडते. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "आत्या, आजीची सगळी लाइफ मला तिच्या आवाजात पाहिजे. तू दर संडेला रेकॉर्ड कर ना, प्लीज." फेब्रुवारीत आईला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, तेव्हा सगळ्यांनी जमून ऐकायचं ठरलं. आई आधी लाजली. माह्यापाशी काय हाये सांगाले, म्हणाली. पण तिसऱ्या रविवारपासून ती आंघोळ करून, केस विंचरून, इस्तरीचं पातळ नेसून पद्मजाच्या आधी गच्चीवर येऊन बसायला लागली, जशी पूर्वी ड्यूटीवर निघायची तशी. हिंगणघाटचं जिनिंग, रुईच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेले तिचे वडील, नागपूरचं नर्सिंगचं ट्रेनिंग, मझौलीच्या दवाखान्यातली पहिली नेमणूक, भर पुरात खाटेवर घालून नदीपार नेलेली बाळंतीण. पद्मजा ते तुकडे घरच्या ग्रुपवर टाकायची आणि नागपूरपासून हैदराबादपर्यंतच्या नातेवाइकांचे नमस्काराचे हात खाली रांगेनं उमटायचे. कुंदामावशीनं तर आईबद्दल लिहिलं होतं की शकुताईसारखी सेवा कोणी केली नाही. ते वाचून पद्मजाला भरून आलं होतं. बावन्न वर्षांच्या, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या, लग्न न केलेल्या आणि आईसोबतच राहिलेल्या बाईला असं भरून येणं थोडं बालिश वाटलं होतं, पण आलं होतं.

"सगळं सांग," ती आता म्हणाली. आवाज मुलाखत घेणाऱ्यासारखा निघाला. दहा रविवारांत तिला तो आवाज जमून गेला होता.

आईनं सांगितलं. शहात्तर साल होतं, आणीबाणीचं. दवाखान्याला नसबंदीचा आकडा ठरवून दिलेला, शाळेच्या मास्तरांना वेगळा, पटवाऱ्याला वेगळा. आकडा भरला नाही तर पगार अडायचा, नाही तर मंडल्याकडे जंगलात बदली. बाबा इकडे जबलपूरला कारखान्यात, शनिवारी यायचे. डिसेंबरात शाळेत शेवटचा कॅम्प होता आणि आईची एक केस कमी पडत होती. "रमकलीच्या पोटात दुखे. नेहमीचंच. म्हटलं, चल, जबलपूरहून मोठे डॉक्टर येऊन राहिले, पोट पाहतील तुझं. ती आली. तुले कडेवर घेऊनच आली. तुले माह्यापाशी देल्लं अन् आत गेली. अंगठा मीच धरून लावला तिचा." आईनं शेंगा बाजूला सारल्या. "अन् पुढच्या पावसाळ्यात मुन्ना गेला. उलट्या अन् दस्त. दोन दिवसांत. सलाईनची बाटली नव्हती दवाखान्यात एक. मी रातभर चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं त्याले. पाच वर्षांचा होता."

"आई, बंद करू का?"

"काहून? चालू राहू दे. त्याच्यासाठीच तं सांगून राहिली."

ऊन गेलं. पद्मजानं परात आत नेली. सोललेले दाणे पातेल्यात ओतताना तिला तो हिरवा, कच्चा वास नको तितका आला आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. रमकली. मझौलीला त्यांच्याकडे कामाला असलेली बाई. तिनं हे नाव कितीतरी वर्षांत मनात उच्चारलं नव्हतं, पण ते नाव यायच्या आधी तिला तो दंड आठवायचा, गोंदलेला, हिरवट पडलेल्या मोरांचा दंड, आणि त्याला येणारा मोहाच्या तेलाचा वास. आईची म्हणून लहानपणची जी आठवण असते ती पद्मजाची आईची नव्हतीच. आई म्हणजे पांढरं पातळ, स्पिरिटचा वास आणि सायकल. झोप यायची ती रमकलीच्या मांडीवर. दुपारी दवाखान्यामागच्या क्वार्टरच्या शेणानं सारवलेल्या ओसरीवर रमकली आडवी व्हायची, तिचा पदर बाजूला पडलेला असायचा आणि पद्मजा तिच्या पोटावर बोटानं खेळायची. बेंबीखाली एक आडवी गुळगुळीत रेषा होती. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती उजळ होती, गांडुळासारखी जराशी वर आलेली. पद्मजाला ती फार आवडायची. तिला वाटायचं, दंडावर मोर तसं हे पोटावरचं काहीतरी; मोठ्या बायकांना असतंच. ती त्या रेषेवरून बोट फिरवत राहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रमकली डोळे मिटून पडलेली असायची. तिनं हात झटकला होता का कधी? पद्मजानं आठवून पाहिलं. नाही. एकदाही नाही. एकदा तिनं पद्मजाचं बोट धरलं होतं आणि तसंच धरून ठेवलं होतं, बराच वेळ, इतका की पद्मजा रडायला लागली होती. ते बोट धरणं मुन्ना जाण्याच्या आधीचं की नंतरचं हे आता कळायला मार्ग नव्हता. मुन्ना तर तिला जवळजवळ आठवतच नव्हता. एक उघडा पाठमोरा पोरगा, काडेपेटीत किडा ठेवलेला, तो पेटी तिच्या कानाला लावतोय. एवढंच. आणि तोही मुन्नाच होता की दुसरा कोणी, कोण सांगणार.

मग तिला अच्युतचा जन्म आठवला. अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा. आई बाळंतीण. दाराशी पाण्याचा हंडा घेऊन रमकली. पाटावर पाय लांब करून बसलेली रमकली, तिच्या पायांवर पालथा घातलेला अच्युत, आणि त्याच्या पाठीवरून तेलाचे हात वर-खाली, वर-खाली. तो रडायचा आणि ती हसायची. ती हसायची हे पद्मजाला नक्की आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलींचं टायट्रेशन होतं. ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि रंग बदलला की तिथंच थांबायचं. एका मुलीनं नेहमीप्रमाणे एक थेंब जास्त सोडला, सगळं गडद गुलाबी झालं. "मॅडम, अब इसको वापस कैसे करें?" तिनं घाबरून विचारलं. एरवी पद्मजा हसून म्हणाली असती की वापस नहीं होता बेटा, फिर से करो. आज तिनं हजेरीपट उघडला. नावांखाली नावं. वळणदार, सरकारी नीटनेटकेपणानं एकेका रकान्यात बसलेली. कुठल्या तरी सरकारी खोलीत, वाळवीनं खाल्लं नसेल तर, एक कागद अजून असेल. त्यावर मुन्ना आणि त्याच्याखाली पद्मा. तिथं ती रमकलीची मुलगी होती. आणि कागदावर एक मुलगी आहे म्हणूनच रमकलीला पुढे मूल झालं नव्हतं. हा विचार तिच्या मनात असा सरळ, बेरजेसारखा आला आणि तिनं हजेरीपट मिटला. तीन वर्षांच्या पोरीचा यात काय दोष, हे तिला समजत होतं. समजून काही होत नव्हतं.

अच्युतला तिनं ते रेकॉर्डिंग पाठवलं, एकट्याला. बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, ये क्या भेज दिया तू? हे कापून टाक ना."

"आई म्हणते सगळ्यांना ऐकव."

"आईला काय कळतंय? ऐंशीव्या वाढदिवसाला लोक जेवायला येणार, आणि हे ऐकवू? स्वानंदीला ऐकवू, की आजीनं कामवाल्या बाईला खोटं बोलून..." तो थांबला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "आणि मी अठ्ठ्याहत्तरचा आहे ताई. म्हणजे शहात्तरमध्ये ती दुसऱ्यांची ऑपरेशनं करून राहिली होती आणि नंतर दोन वर्षांनी..." पुन्हा थांबला. "ती बाई मला आंघोळ घालायची ना?"

"हो."

"मी हे ऐकलं नाही असं समज. मी डिलीट करतोय."

पद्मजानं फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "टाकलं का तू ते ग्रुपवर?"

"नाही."

"काहून?"

"अच्युत नको म्हणतो. आणि आई, मलाही..." मलाही नको म्हणावं तर ते खोटं, हवं म्हणावं तरी खोटं.

आई आत येऊन पलंगावर बसली. गेल्या दोन वर्षांत ती लहान होत चालली होती, पलंगावर बसली की पाय जमिनीला टेकत नसत. "सेवा केली, सेवा केली मनून राहिले सारे. मले रातच्याले झोप लागत नाही तं काय वाढदिवस करू?" ती म्हणाली. "मंग मले मझौलीले ने. मी तिलेच सांगतो."

"ती आहे की नाही तेही माहीत नाही."

"नसन तं वापस येऊ."

रविवारी सकाळी त्या निघाल्या. पद्मजा गाडी चालवत होती. सिहोऱ्यावरून डावीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू लागले, मध्ये मध्ये मटारच्या शेतात ओणवलेल्या बाया. आई गुडघ्यांवर पिशवी धरून बसली होती. पिशवीत एक नवं लुगडं आणि पेढे. नेमकं काय घेऊन जायचं असतं अशा वेळी, हे पद्मजाला लुगडं घेताना दुकानात विचारावंसं वाटलं होतं. दुकानदारानं विचारलं होतं, "दीदी, किसी के यहाँ कार्यक्रम है?" आणि ती हो म्हणाली होती. आई ओठ हलवत होती. तोंडातल्या तोंडात ती हिंदीत वाक्यं जुळवून पाहत होती, हे थोड्या वेळानं पद्मजाच्या लक्षात आलं. पन्नास वर्षं या प्रांतात काढूनही आईची हिंदी कामापुरतीच राहिली होती: दवा ले लो, सुई लगेगी, कितने महीने का है. क्षमा मागायची हिंदी तिला कधी लागली नव्हती.

रमकली होती. बाजारात विचारलं तर पहिल्याच भाजीवालीनं सांगितलं, "कौन, हरप्रसाद की अम्मा? हओ, वो पीछे, नीले गेट वाला घर." घर पक्कं होतं, पुढे ट्रॅक्टर उभा होता. अंगणात खाटेवर उन्हात एक म्हातारी बसली होती, आणि तिच्या दंडावरचे मोर इतके सुरकुतले होते की पाखरं असावीत एवढंच कळत होतं. पद्मजा गाडीतून उतरली आणि तिथंच उभी राहिली. आईनं तिच्या आधी अंगण ओलांडलं, काठी न टेकता.

"रमकली, पहचाना?"

म्हातारीनं हात कपाळावर धरून पाहिलं. मग तिचा चेहरा उमलला. अगदी उमलला. "सिस्टरबाई! अरे हरपरसाद, देख तो, मेरी बाई आई है!" आणि आईला सोडून ती पद्मजाकडे आली, दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. "और ये मेरी मोडी. बूढी हो गई रे तू तो." तेलाचा वास आता नव्हता. साबणाचा होता. पण हाताची खरखर तीच होती आणि पद्मजाला काही समजायच्या आत तिचे डोळे भरून आले.

हरप्रसाद पंचेचाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा, आनंदी माणूस होता. त्यानं खुर्च्या आणल्या, बायकोला हाक मारून चहा सांगितला आणि स्वतः जमिनीवर उकिडवा बसला. तो रमकलीच्या सवतीचा मोठा मुलगा. सवत वारली होती, नवराही. "हमारी सगी माँ तो बीमार ही रहीं, दीदी," तो पद्मजाला सांगत होता, "हम चारों को तो इन्हीं ने पाला. अपने तो इनके हुए नहीं. एक था, गुजर गया. फिर भगवान ने दिया नहीं." त्यानं हे इतक्या सहज सांगितलं, घराला किती खोल्या आहेत ते सांगावं तसं. आई पिशवीचे बंद पिळत होती. चहा आला. रमकली पद्मजाचा हात हातात घेऊन बसली होती आणि विचारत होती, मोडा-मोडी किती, पोरं-पोरी किती? पद्मजानं मान हलवली. "एकौ नहीं?" रमकलीनं तिच्याकडे पाहिलं आणि हाताची पकड थोडी घट्ट केली. लग्नच केलं नाही हे सांगायला पद्मजानं तोंड उघडलं, पण त्या हाताला ते सांगण्यात काही अर्थ वाटला नाही.

"समोसा लाता हूँ गरम," हरप्रसाद उठला. नको नको म्हणेपर्यंत मोटारसायकल सुरू झाली.

"रमकली," आई लगेच म्हणाली. गाडीत जुळवलेली वाक्यं तिच्या तोंडून एकमेकांवर आपटत बाहेर पडली. "वो तुम्हारा पेट दुखता था. वो ऑपरेशन पेट का नहीं था. मैंने झूठ बोली. मेरी एक केस कम थी. मैंने फारम में इसका नाव लिखा, तुम्हारी लडकी करके. मेरे को मालूम था सब."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. रमकलीनं तिकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, आणि पद्मजाला वाटलं की तिला ऐकू आलं नसावं.

"मालूम है, बाई," रमकली हळू आवाजात म्हणाली. "मुन्ना गया, उसके बाद दवाखाने की दूसरी सिस्टर से पूछी थी मैं. उसने बता दिया."

"तब तुम... उसके बाद भी तुम काम पे आती थी. अच्युत हुआ, तब भी."

"जाती कहाँ?"

आईनं हात जोडले. मागं कधी, कोणासमोर तिनं असे हात जोडलेले पद्मजानं पाहिले नव्हते. "मैंने सब बोल दिया है. इसके मोबाइल में. घर में सब को सुनाने वाली हूँ, मैंने क्या किया. तुम्हारा नाव लेके बोला है."

आत्ता रमकलीचा चेहरा बदलला. तिनं पद्मजाचा हात सोडला. "मोबाइल में?" ती पद्मजाकडे वळली. "कौन-कौन सुना?"

"कोणी नाही... किसी ने नहीं. मेरे भाई ने सुना. उसने मिटा दिया."

"तो तू भी मिटा." ती खाटेवरून पुढे सरकली. आवाज इतका खाली आला की पद्मजाला वाकावं लागलं. "अपने आदमी से, इनके दद्दा से मैं यही बोली थी कि भगवान नहीं दे रहा. झाड-फूँक वाले ओझा के पास ले गए, अमरकंटक ले गए, सब जगह गई मैं. मालूम था फिर भी गई. बोल देती तो कहते अपनी मर्जी से करा के आई, निकाल देते घर से. दूसरी लाने को भी मैं ही बोली. दद्दा मर गए, उनको नहीं मालूम. इन लडकों को नहीं मालूम. अब मालूम पडेगा तो का बोलेंगे? अम्मा ने दद्दा को जिंदगी भर धोका दिया." ती दम लागल्यासारखी थांबली. "आजकल मोबाइल से मोबाइल में सब चला जाता है. मेरी बहू दिन भर देखती है. मिटा दे बेटा. मेरे सामने मिटा."

पद्मजानं आईकडे पाहिलं. आईचे हात अजून जोडलेलेच होते, पण आता ते कशासाठी जोडले आहेत हे तिलाच कळत नसावं. "रमकली, पर मेरे को माफी..."

"बोल दिया ना तुमने, बाई. मैंने सुन लिया. अब चुप रहो."

ते ती रागानं म्हणाली नव्हती. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं पद्मजाला वाटलं. रागाला धरून काहीतरी पुढे बोलता आलं असतं. तिनं मोबाइल काढला. अकरावा रविवार शोधायला वेळ लागला. चव्वेचाळीस मिनिटं सव्वीस सेकंद. रमकलीला वाचता येत नव्हतं, तरी ती पडद्याकडे टक लावून पाहत होती. मिटवायचं का, असं मोबाइलनं विचारलं. पद्मजानं होकार दिला आणि आईनं आयुष्यात पहिल्यांदाच खरं सांगितलेलं ते सगळं, शेंगा उकलण्याच्या आवाजासकट, गेलं. मग कचऱ्याच्या पेटीतूनही तिनं ते काढून टाकलं आणि मोकळा पडदा रमकलीसमोर धरला.

"हो गया?"

"हो गया."

"कसम खा."

"कसम," पद्मजा म्हणाली.

मोटारसायकल परत आली. रमकली सावरून बसली, पदर डोक्यावर घेतला आणि हरप्रसाद समोसे बशीत काढेपर्यंत मोठ्यानं हसत होती. "ये मोडी ना, हरपरसाद, मेरी गोद में हगती-मूतती थी. इसको मेरे बिना नींद नहीं आती थी." हरप्रसादही हसला. आईपुढे समोसा आला, तिनं तो घेतला आणि खाल्ला. निघताना लुगडं दिलं तेव्हा रमकलीनं ते सुनेला दाखवलं, पोत चिमटीत धरून पाहिलं, छान आहे म्हणाली. हरप्रसादनं तिघींचा फोटो काढला. फोटोत रमकली मध्ये होती, एक हात आईच्या खांद्यावर, एक पद्मजाच्या. "फिर आना," ती गेटपर्यंत येऊन म्हणाली. त्याचा अर्थ पुन्हा या असा आहे की येऊ नका असा, ते पद्मजाला तिच्या तोंडावरून वाचता आलं नाही.

परतताना आईनं रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली. पद्मजाला वाटलं, काहीतरी बोलावं. तिनं तुला माफ केलं, असं म्हणावं? केलं होतं का? आईनं मागितलं आणि समोरचीनं ते दिलंही नाही, नाकारलंही नाही. चहाच्या कपासारखं नुसतं बाजूला ठेवून दिलं. आणि आपण? पन्नास वर्षं जी मांडी आपण आपली समजत होतो तिला जायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती तिथं होती. तरी ती हसायची. तरी आज तिनं आपलं तोंड दोन्ही हातांत धरलं. यातलं खरं कोणतं, हे त्या घरी परत जाऊन विचारता येणार नव्हतं. कुणालाच विचारता येणार नव्हतं. समोरचा रस्ता पाण्यासारखा हलू लागला तसा तिनं वेग कमी केला.

सिहोऱ्याच्या फाट्याच्या अलीकडे आई म्हणाली, "गाडी थांबव."

"काय झालं? मळमळतंय?"

"लाव तो मोबाइल. आज रविवार हाये नं."

"आई, घरी गेल्यावर बोल. किंवा नकोच आता."

"लाव म्हटलं नं."

पद्मजानं रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गाडी घेतली, मोबाइल चालू केला आणि आईच्या हातात दिला. आईनं पदर सारखा केला, घसा साफ केला. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, सगळ्या नातेवाइकांना आवडणारा तो गोष्टीचा आवाज.

"मझौलीले होतो तेव्हा आमच्याकडे एक बाई कामाले होती. पद्माले, अच्युतले तिनंच मोठं केलं. लय जीव लावला तिनं लेकराईले. चांगली होती. तिचं नाव..." आई थांबली. बाजूनं उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाऊन पार विरेपर्यंत ती थांबली. हिंगणघाटच्या शाळेतल्या चौथीच्या वर्गातल्या सगळ्या मुलींची नावं तिनं दुसऱ्या रविवारी ओळीनं सांगितली होती. "तिचं नाव आता मले आठवत नाही," आई म्हणाली. "तिले एक मुलगा होता. तो वारला. मंग आमची बदली झाली."

तोंडाशी आलेलं नाव पद्मजानं ओठ घट्ट मिटून आत धरलं.

"झालं," आईनं मोबाइल तिच्याकडे दिला. "हे पाठव स्वानंदीले."

पद्मजानं ते पाठवलं आणि गाडी सुरू केली.